पालक-सहभाग मापन

पालक-सहभाग मापन : पालकसभा, गृहभेटी, बालवाडीतील मातावर्ग यांसारख्या उपक्रमांमुळे घरची माणसे मुलाच्या शिकण्यात किती सामील होतात, हे ठरविण्याच्या पद्धती.

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी अमरेली महालात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. त्याचा आरंभ कोठे १८९२, तर कोठे १८९३ असा दिलेला आढळतो. हुकूम आणि अंमल यांची वर्षे वेगळी धरल्याने हा फरक पडला असावा. १९०६ मध्ये सक्ती संस्थानभर लागू झाली. मूल गैरहजर राहिल्यास पालकाला दंड होई. या दंडाच्या नोंदींत पालक-सहभाग मापनाचे मूळ शोधणे मात्र ताणलेले वाटते. त्यांतून आज्ञापालन कळते. घरी मुलाला कोणी वाचून दाखविले का, हे कळत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठ (१९४९) निघाल्यावर गृहविज्ञान विद्याशाखेत मानवविकास व कुटुंब अभ्यास हा विषय रुजला. चेतन बालवाडी ही त्या विभागाची प्रयोगशाळा होय.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉइस एप्स्टाइन यांचे सहा प्रकारांचे वर्गीकरण (पालकत्व, संवाद, स्वयंसेवा, घरचा अभ्यास, निर्णयातील वाटा, समाजाशी सहकार्य) सर्वाधिक वापरले जाते. त्यांपैकी सभेची हजेरी मोजायला सोपी, म्हणून अहवालांत तीच भरते. फॅन व चेन यांनी अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या संकलित विश्लेषणात (२००१) मुलाच्या यशाशी सर्वांत निकटचा संबंध पालकांच्या अपेक्षांचा, तर सर्वांत क्षीण संबंध घरच्या देखरेखीचा आढळला. कॉल्डवेल व ब्रॅडली यांच्या गृह-पर्यावरण सूचीत निरीक्षक घरी जाऊन पाहतो व विचारतो (तान्ह्या मुलांसाठी ४५ बाबी). केवळ प्रश्नावलीपेक्षा ती अधिक भरवशाची, कारण ‘रोज गोष्ट सांगता का?’ याला ‘हो’ म्हणणे कोणालाही जड जात नाही. बडोद्याच्या दांडियाबाजार-रावपुऱ्यातील एकत्र मराठी कुटुंबात पाढे आजोबा घेतात आणि अर्ज आई भरते. उत्तर देणारा ठरविताना हे ध्यानात ठेवावे लागते.

सभांना मुळातच उत्साही पालक येतात, म्हणून तुलनेसाठी दुसरा गट आवश्यक ठरतो. बडोद्याच्या शाळांत बालसखी (मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणींनी शिकविणे) या उपक्रमाची पारख अशी यदृच्छ निवडीने झाली (निष्कर्ष प्रसिद्ध २००७). तीत मात्र मुलांची प्रगती मोजली गेली, पालक-सहभाग नव्हे.

शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. समितीची रचना त्यावरून तपासता येते, पालकांचे वजन नव्हे.