सच्छिद्र डांबरी रस्ता: फायबर कशासाठी, पॉलिमर कशासाठी?

सच्छिद्र डांबरी थर टिकत नाही अशी तक्रार आली की दोन उपाय सुचवले जातात: फायबर घाला किंवा पॉलिमर घाला. दोन्ही थोड्याच प्रमाणात लागतात आणि दोन्हींमुळे रस्त्याचं आयुष्य वाढतं, म्हणून एकाच्या जागी दुसरं चालेल असा समज होतो. तो चुकीचा आहे. फायबर डांबराला खडीवर धरून ठेवतं. पॉलिमर डांबराचा स्वभावच बदलतं.

आधी थराची रचना पाहू. नेहमीच्या डांबरी काँक्रीटमध्ये रोलर फिरल्यावर ३ ते ५ टक्के पोकळी उरते. सच्छिद्र थरात बारीक खडी आणि चुरा जवळजवळ नसतोच, त्यामुळे पोकळी २० टक्क्यांच्या आसपास जाते. पावसाचं पाणी तिच्यातून खाली उतरतं आणि खालच्या पक्क्या थरावरून कडेला निघून जातं. चाकांमागे उडणारे तुषार कमी होतात, टायरचा आवाजही कमी होतो. नेदरलँड्समधल्या मुख्य महामार्गांवर जवळपास ९० टक्के भागात हा थर आहे, आणि आवाज हे त्यामागचं मोठं कारण.

दुखणंही याच रचनेत आहे. चुरमुऱ्याच्या लाडवात दाणे एकमेकांना टेकतात तेवढ्याच जागी चिकटतात, तशी इथली खडी. पोकळ्यांतून हवा आणि पाणी आतपर्यंत पोचतं, डांबर सगळ्या बाजूंनी जुनं होतं, कडक होतं, तडकतं. मग चाकाच्या ओढीने एक खडा सुटतो, त्याचा आधार गेला की शेजारचे सुटतात. सच्छिद्र थर बहुतेक वेळा खड्डे पडून किंवा चाकोऱ्या पडून संपत नाही, तो असा खडी सुटून संपतो.

उपाय सरळ वाटतो: खडीवर डांबराचा लेप जाड करा. पण गरम मिक्समध्ये डांबर पातळ असतं आणि त्याला धरून ठेवणारा बारीक माल इथे नाही. प्लांटपासून साइटपर्यंतच्या वाटेत ते खडीवरून ओघळून डंपरच्या तळाशी जमतं. पेव्हरमधून, म्हणजे थर अंथरणाऱ्या यंत्रातून, माल पडू लागला की फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. एका ठिकाणी काळाभोर, तेलकट चट्टा, ज्यात पोकळ्याच बुजल्यात. चार पावलांवर रुक्ष, तपकिरी खडी, जिच्यावर लेप नावालाच. पहिल्या ठिकाणी पाणी मुरणार नाही, दुसऱ्या ठिकाणची खडी लवकर सुटेल.

फायबर येतं ते या ओघळण्यावर. लाकडाच्या लगद्याचे किंवा जुन्या वर्तमानपत्रांचे सेल्युलोज धागे, मिक्सच्या वजनाच्या साधारण ०.३ टक्के, म्हणजे टनाला ३ किलो. हे धागे काही चिकटवत नाहीत, पण गरम डांबर त्यांच्यात अडकून राहतं. त्यामुळे डांबर वाढवता येतं. नेदरलँड्सने टिकाऊ प्रकारात मिक्सच्या वजनाच्या साधारण एक टक्का डांबर वाढवलं ते अशा धाग्यांच्या आधारावर; डांबर मात्र साधंच राहिलं.

जपानने दुसरी वाट धरली. तिथे सच्छिद्र थरासाठी भरपूर पॉलिमर घातलेलं, अतिशय घट्ट डांबर वापरतात. ६० अंशांना त्याची श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, किमान २०,००० पास्कल-सेकंद असावी लागते, आणि साधं डांबर त्याच्या जवळपासही नसतं. हे पॉलिमर बहुधा एसबीएस, म्हणजे स्टायरीन-ब्युटाडाईन-स्टायरीन. त्याच्या रेणूची दोन्ही टोकं कडक आणि मधला भाग रबरासारखा. डांबर थंड होताना कडक टोकं एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. चाक गेलं की खड्यांमधला सांधा ताणला जातो आणि परत जागेवर येतो. हे काम रस्ता वापरात असेपर्यंत चालू राहतं.

घोळ होतो तो एकाचा थोडा फायदा दुसऱ्याच्या खात्यातही पडतो म्हणून. पॉलिमरचं डांबर घट्ट असल्याने ते ओघळतंही कमी. फायबरमुळे लेप जाड झाला की डांबर जुनं व्हायला वेळ लागतो, म्हणून खडीही उशिरा सुटते. यासाठी मी चाचण्या वेगवेगळ्या पाहायला सांगेन. ओघळण्यासाठी गरम मिक्स तारेच्या जाळीच्या टोपलीत घालून तासभर ओव्हनमध्ये ठेवतात. खाली ठिबकलेलं डांबर सामान्यतः मिक्सच्या वजनाच्या ०.३ टक्क्यांच्या आत हवं. खडी सुटण्यासाठी स्पेनमध्ये निघालेली कँटाब्रो चाचणी आहे. मिक्सची वडी खडीची झीज मोजायच्या लॉस एंजेलिस यंत्राच्या ड्रममध्ये, पोलादी गोळे न घालता, ३०० फेरे फिरवतात. वडी बाहेर येते तेव्हा कडा झिजून गोलसर झालेली असते. ताज्या वडीचं वजन २० टक्क्यांहून जास्त घटू नये अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात. नुसता टोपलीचा निकाल दाखवून कोणी टिकाऊपणाची खात्री देत असेल, तर कँटाब्रोचा निकाल जरूर मागावा, तोही मुद्दाम तापवून जुनी केलेल्या वडीचा.

सगळी फायबर सारखी नसतात, हेही सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये २०१० साली ए५८ महामार्गाच्या एका तुकड्यात पोलादी लोकरीचे धागे घातले गेले. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातलं हे संशोधन. वरून इंडक्शनने धागे तापवले की आसपासचं डांबर मऊ होऊन बारीक तडे भरून येतात. आपल्याकडचे प्लास्टिक कचऱ्याचे रस्ते आणखी निराळे. त्यात प्लास्टिकचे तुकडे गरम खडीवर वितळवून तिला वेष्टन देतात. ते धाग्यांचं काम करत नाही आणि डांबरात एसबीएससारखं जाळंही विणत नाही. पाण्यामुळे डांबर खडीपासून सुटतं, त्यावर चुना लागतो. फिलरमध्ये, म्हणजे मिक्समधल्या बारीक भुकटीत, विरवलेला चुना घालण्याची पद्धत त्यासाठीच. अमेरिकेत जॉर्जियासारख्या राज्यात फायबर, पॉलिमर आणि चुना तिन्ही एकत्र घालतात, आणि मला तेच पटतं.

महाराष्ट्रात उन्हाळ्यात डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो. पैसे एकाच गोष्टीला असतील तर इथे मी पॉलिमर आधी घेईन, कारण तापलेल्या डांबरात सेल्युलोज ताकद आणू शकत नाही. मात्र ज्या रस्त्यावर शेतातून ट्रॅक्टर चिखल घेऊन चढतात, तिथे पोकळ्या बुजणार, आणि त्यावर या दोन्हींचा उपयोग नाही. तिथे साधा घट्ट थर आणि कडेला नीट उताराचं गटार करावं.