दुर्मीळ आजारांची जनजागृती आणि दृश्यकला (बडोदे)

दुर्मीळ आजार लोकांना ओळखता यावेत आणि ते झालेल्या माणसांकडे समाजाने नीट पाहावे, यासाठी चित्र, छायाचित्र, शिल्प, भित्तिचित्र, देखावा इत्यादी माध्यमांचा केला जाणारा वापर. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार हजार लोकांत एक किंवा त्याहून कमी प्रमाणात आढळणारा आजार दुर्मीळ मानतात. असे सुमारे ७,००० आजार ज्ञात असून त्यांपैकी बहुसंख्य आनुवंशिक आहेत. एकेका आजाराचे रुग्ण थोडे असल्यामुळे एखाद्या डॉक्टरने तो उभ्या आयुष्यात पाहिलेलाच नसतो. मग निदानाला वर्षे लागतात, आणि या वर्षांत आईवडिलांना ‘मूल आळशी आहे’, ‘लाडावलंय’ असे ऐकून घ्यावे लागते. कलेची खरी गरज इथे आहे.

काही आजारांची खूण मुळातच चित्रमय असते. ड्यूशेन स्नायुऱ्हास हा मुख्यतः मुलग्यांना होणारा आजार. त्यात मुलाच्या पोटऱ्या भरीव दिसतात, म्हणून घरच्यांना ते सुदृढ वाटते. पण जमिनीवरून उठताना ते आधी ओणवे होते, मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकवत जणू स्वतःच्याच पायांवर चढत उभे राहते. ब्रिटिश वैद्य विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये या उठण्याचे वर्णन केले. ते स्वतः उत्तम चित्र काढत आणि आपल्या लेखनासाठी चित्रेही स्वतःच काढत. ही खूण शब्दांत सांगायला परिच्छेद लागतो. चार रेखाचित्रे ओळीने मांडली तर अंगणवाडीताईला ती एका नजरेत कळते. विल्सनच्या आजारात शरीरात तांबे साचते व बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी वलय उमटते. ते पुष्कळदा नेत्रतज्ज्ञाच्या खास दिव्याखालीच दिसते. हा आजार वेळेत ओळखून औषध सुरू केले, तर रुग्ण चांगले आयुष्य जगू शकतो.

मात्र खूण दाखवता दाखवता माणूस हरवण्याचा धोका असतो. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत रुग्णाला भिंतीपाशी उघडे उभे करून, डोळ्यांवर काळी पट्टी ओढून छापलेली छायाचित्रे असत. फॅशनच्या जगातले अमेरिकी छायाचित्रकार रिक गुइडोटी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याला उत्तर दिले. त्वचा-केसांत जन्मतः रंगद्रव्य फार कमी किंवा मुळीच नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या मुलामाणसांची त्यांनी हसरी, थेट कॅमेऱ्यात पाहणारी छायाचित्रे काढली. त्यातूनच ‘पॉझिटिव्ह एक्स्पोजर’ ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे आज नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो आणि खाली कोटींचा आकडा, अशी मदतीची आवाहने मोबाइलवर फिरतात. त्या आईवडिलांना दोष देता येणार नाही. काही जनुकोपचारांची किंमतच कोट्यवधी रुपयांत आहे. तरीही ते मूल मोठे झाल्यावर हा फोटो पाहील, हे कलावंताने विसरू नये. रुग्णाची संमती, आणि मूल असेल तर पालकांच्या होकाराबरोबर त्याचीही इच्छा, ही इथली पहिली अट होय.

बडोद्याला चित्रातून लोकशिक्षण नवे नाही. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले. संस्थानच्या ग्रंथालय खात्याची एक स्वतंत्र दृश्यशिक्षण शाखाच होती. जादूचा दिवा (काचेवरची चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवणारे यंत्र) आणि चलच्चित्रे घेऊन ती निरक्षर गावकऱ्यांपर्यंत जाई. गायकवाड घराण्याच्या स्मारकात, म्हणजे कीर्तिमंदिरात, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत, तर तांबेकर वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला विभागाची घडी बसवणारे ना. श्री. बेंद्रे मूळचे इंदूरचे मराठी. याच शहरात राहून चित्रकार भूपेन खख्खर यांनी शेवटच्या वर्षांत कर्करोगाने पोखरलेला देह रंगवला. तो आजार दुर्मीळ नव्हे. पण आजारी शरीर न लाजता, न सजवता कसे रंगवावे, याचा याहून चांगला धडा बडोद्याच्या विद्यार्थ्याला कुठे मिळणार?

शहरातील मराठी वस्तीपुरते बोलायचे तर प्रस्तुत लेखकाला सर्वांत आशा गणपतीच्या देखाव्याची वाटते. दांडिया बाजार, रावपुरा भागांत देखावे पाहायला आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खे घर बाहेर पडते, आणि उठण्याची ती खूण देखाव्यात मांडली, तर ‘आपला अमुकही असाच उठतो’ हे घरातल्याच कुणाच्या तरी लक्षात येऊ शकते. प्रदर्शनाच्या दालनात सहसा कलेचे जाणकारच येतात.

२००८ पासून फेब्रुवारीचा अखेरचा दिवस दुर्मीळ आजार दिन म्हणून पाळला जातो. पहिला दिन मुद्दाम २९ फेब्रुवारीला, म्हणजे तारखांतल्या दुर्मीळ तारखेला घेतला होता. भारताचे दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले. त्याखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत उपचारासाठी मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपये करण्यात आली; मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र. एवढी माहिती चित्राखाली दोन ओळींत मावते, आणि ती मराठीबरोबर गुजरातीतही हवी. बडोद्याच्या मराठी घरात आजी मराठी वाचते, पण नातवंडांची शाळा बहुधा गुजराती किंवा इंग्रजी असते, आणि मुलाला दवाखान्यात कोण घेऊन जाईल हे आधी सांगता येत नाही.