धनगरी कुत्रा (कोकण)

धनगरी कुत्रा : मेंढ्या, शेळ्या व गुरे यांच्या राखणीसाठी धनगर पाळतात तो गावठी वळणाचा कुत्रा. कोकणात त्याचे दोन प्रकार आढळतात. एक, दिवाळीनंतर फलटणच्या बाजूने घाट उतरून येणाऱ्या मेंढपाळांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, येणारा. दुसरा, सह्याद्रीच्या उतारावरील धनगरवाड्यांत बारमाही राहणारा. ‘जात’ हा शब्द येथे सैल अर्थानेच घ्यावा. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 2020 मध्ये ज्या तीन देशी श्वानजातींची नोंद केली, त्या राजपालयम, चिप्पीपराई व मुधोळ. धनगरी त्यांत नाही.

उत्पत्ती : याविषयी दोन मते आहेत. काही धनगरी कुत्र्यांचे लांबट मुस्कट, खोल छाती व आत ओढलेले पोट पाहून त्यांच्यात कारवानी या शिकारी कुत्र्याचे रक्त असावे, असे मानले जाते. कारवानी हा व्यापारी तांड्यांबरोबर मध्य व पश्चिम आशियातून दख्खनेत आला, अशी परंपरा आहे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तो जोपासला. परंतु कारवानी हा नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा. पळत्या जनावरामागे लागणे हा शिकारी कुत्र्याचा गुण, तर कोकरांत वावरणाऱ्या राखणदाराच्या अंगी तोच दोष ठरतो. म्हणून स्थानिक गावकुत्र्यांतूनच निवडीने हा प्रकार घडला, कारवानीचा संकर झाला असल्यास तो तुरळक व पुढचा, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. 38 देशांतील 549 गावकुत्र्यांच्या 2015 मधील जनुकीय अभ्यासात भारतीय गावकुत्र्यांत युरोपीय मिश्रण अत्यल्प आढळले. अर्थात कारवानीचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही, कारण ते रक्तही आशियाईच.

खंडोबाच्या सोबतीला घोड्याबरोबर कुत्राही असतो आणि त्याला वाहिलेल्या, स्वतःला देवाचा कुत्रा मानणाऱ्या भक्तांना ‘वाघ्या’ म्हणतात. जर्मन अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर यांनी या दैवताचा पशुपालकांशी असलेला संबंध विस्ताराने मांडला आहे. त्यावरून धनगर व कुत्रा यांचे नाते जुने म्हणता येते. विशिष्ट वाणाचे प्राचीनत्व मात्र सिद्ध होत नाही.

प्रकार व काम : कोकणातील पावसात मेंढीचे खूर सडतात; त्यामुळे येथे कायम वस्ती असलेले गवळी-धनगर म्हशी व गाई पाळतात. धनगरांच्या या भौगोलिक विभागणीकडे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ व मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी लक्ष वेधले. कुत्र्यांतील फरकही तिला धरूनच पडतो : गवळी-धनगरांचा कुत्रा गोठा व घर राखणारा, तर मेंढपाळांचा खांडाबरोबर, म्हणजे कळपाबरोबर, चालणारा. मात्र खांड हाकण्याचे काम दोघांकडेही नाही. मेंढरे वळतात ती मेंढक्याच्या हाळीने, शिट्टीने, फार तर भिरकावलेल्या ढेकळाने.

कुत्र्याचे खरे काम रात्रीचे. कापणी झालेल्या भातखाचरात खतासाठी मेंढरे बसवतात. मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावली की कुत्रे तिच्या बाहेर पेंढ्यात अंग दुमडून पडतात. देशावर धास्ती लांडग्याची, इथे बिबट्याची, आणि बिबट्या कुत्र्यालाच आधी उचलतो. एकट्यादुकट्या कुत्र्याचा म्हणून उपयोग नाही. खाणे भाकरी, उरलेसुरले दूध-ताक. तळ हलताना चालू न शकणारी पिल्ले घोड्यावरच्या बिऱ्हाडात, कोंबड्यांशेजारी बांधलेली दिसतात. पावसाच्या तोंडावर वाडा घाट चढतो.