काठातून उजळणारा रात्रदिवा: शीट आम्ही कोरून देतो, जोडणी घरी करा

ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, शीट लेझरवर कापून, कोरून देण्याचं काम आमचं. शीट उभी बसते तो खालचा ठोकळा, एलईडीची पट्टी आणि वायर हे तुम्ही घरी एका दुपारी जमवू शकता. बारशाला, मुंजीला, वास्तुशांतीला नाव घातलेला दिवा द्यायचा म्हणून बडोद्यातले बरेच ग्राहक येतात. काउंटरच्या गर्दीत सगळं सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो एलईडी किती वॅटची लावू, हा. आमचं म्हणणं, आधी चित्र ठरवा. दिवा चांगला दिसतो की फिका, हे जास्त करून चित्रावर ठरतं.

त्याचं कारण असं. शीटच्या काठातून आत शिरलेला उजेड सहजी बाहेर पडत नाही. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो याचं माप, सुमारे १.४९ आहे. आतला किरण पृष्ठभागावर लंबापासून साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त कलून आदळला, की तो परत आतच वळतो आणि असाच पुढे जात राहतो. जिथे कोरलेलं आहे तिथे त्याची वाट मोडते आणि तो तुमच्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून रेघ उजळते आणि कोरी शीट अंधारात जवळजवळ दिसतच नाही. चुकून पडलेला ओरखडा, धूळ आणि तेलकट बोटाचा ठसा यांनाही हाच नियम लागू. तेही उजळतात! शीटवरचं कागदी किंवा प्लास्टिकचं आवरण अगदी शेवटपर्यंत ठेवा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो ते यासाठीच.

चित्र कसं असावं

कोरलेला भाग पांढरा दिसणार आणि न कोरलेला काळा, म्हणजे कागदावरच्या पेन्सिलीच्या चित्राच्या बरोबर उलट. फोटो तसाच कोरला तर केस उजळतात आणि चेहरा काळा पडतो. म्हणून फोटो आधी उलटा करून ठिपक्यांत फोडावा लागतो. ते आम्ही करून देतो. तरी खरं सांगायचं तर फोटोपेक्षा रेघांचं चित्र कितीतरी उठून दिसतं. पारंब्या सोडलेला वड, लहेरीपुरा दरवाजाची कमान, वारलीतली माणसं, गणपतीची चार रेघांतली आकृती, असं काही निवडा. मोठे भाग भरून कोरू नका. सगळंच उजळलं की काहीच उठून दिसत नाही.

उजेड खालून येतो, त्यामुळे खालच्या रेघा झगझगीत आणि वरच्या फिक्या दिसतात. टीव्हीच्या काठाने उजळणाऱ्या पडद्यातही हीच अडचण असते. तिथे एलईडीजवळ ठिपके विरळ आणि लांब दाट ठेवतात. तुम्हीही बारीक काम वर, मोकळं काम खाली ठेवा. उंची वीतभर पुरे.

मराठी नाव घालणार असाल तर एक गोष्ट जरूर पाहा. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. ते आकार जोडून एक केले नाहीत, तर काही मशीन सांध्याची जागा कोरीच सोडतात आणि शिरोरेषेत खिडक्या दिसतात. जमलं तर अक्षरांचं आकारात रूपांतर केलेली पीडीएफ पाठवा. नाही जमलं, तर नाव स्वच्छ लिहून द्या, विशेषतः ‘ज्ञा’, ‘क्ष’, ‘श्री’ असेल तर. चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जाऊन कडा विरघळतात.

शीट

५ मिमीची कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली, शीट घ्या. कास्टवर लेझरने कोरलं की दुधी पांढरी रेघ उमटते, एक्सट्रुडेडवर, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेल्या शीटवर, तीच रेघ बरीचशी पारदर्शक राहते, म्हणून आम्ही या कामाला ती वापरत नाही. ३ मिमी स्वस्त पडते, पण काठ अरुंद असल्यामुळे उजेड कमी शिरतो. शीटवर ५ लिहिलं असलं तरी जाडी थोडी कमीजास्त निघते. ठोकळ्यात खाच करण्याआधी ती व्हर्निअरने मोजा. लहान दिव्यासाठी आमच्याकडचे उरलेले तुकडे चालतात. आधी तेच विचारा, नवी शीट कापायची गरज पडत नाही.

लेझर नको, हातानेच करायचं असेल तरी जमतं. चित्राची आरशातल्यासारखी उलटी प्रिंट शीटखाली चिकटवा आणि हिऱ्याच्या टोकाच्या रोटरी टूलने (गरगर फिरणाऱ्या टोकाच्या हातातल्या यंत्राने) मागच्या बाजूने गिरवा. वेग कमी ठेवा, टोक टेकवून लगेच उचला, नाहीतर प्लास्टिक वितळून टोकाला चिकटतं. चष्मा आणि मास्क लावा. शीट करवतीने कापली असेल तर खालचा काठ वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने) ओला घासा: आधी खरखरीत २२० नंबर, मग ४००, ८००, १०००. लेझरने कापलेला काठ मुळातच गुळगुळीत असतो, त्याला हात लावू नका.

पट्टी आणि ठोकळा

मोबाइलच्या चार्जरवर चालणारी ५ व्होल्टची पट्टी घ्या. घरातल्या २३० व्होल्टशी तुमचा थेट संबंध येत नाही, हाच मोठा फायदा. पट्टी कात्रीची खूण असेल तिथेच कापा. अधिक-उणे पाहून जोडा आणि चिकटवण्याआधी एकदा पेटवून बघा. रंग पिवळसर पांढरा, ३००० केल्विनच्या आसपास. मुलांच्या खोलीत निळा उजेड आम्ही सुचवत नाही. निळ्या प्रकाशाने झोपेचं संप्रेरक कमी तयार होतं.

ठोकळा सागवान, एमडीएफ काहीही चालेल. खाली पट्टी बसेल इतकी रुंद खाच, वर शीटच्या जाडीची खाच. एलईडी शीटच्या काठाला जवळजवळ टेकल्या पाहिजेत. फट राहिली तर उजेड बाजूला सांडतो, आणि मग लोक जास्त वॅटची पट्टी आणायला धावतात. शीट घट्ट बसली तर गोंदाची गरजच नाही. फेविक्विकसारखा झटपट गोंद तर नकोच, त्याच्या वाफेने आजूबाजूची शीट पांढुरकी होते.

पुसताना स्पिरिट, सॅनिटायझर किंवा काच पुसायचा अमोनियाचा फवारा वापरू नका. लेझरने कापलेल्या काठाशी ताण राहिलेला असतो आणि तिथून केसासारखे तडे पसरतात. साबणाचं सौम्य पाणी आणि मऊ सुती फडकं पुरे. देवघरात ठेवणार असाल तर समई-निरांजनापासून लांब ठेवा, ॲक्रिलिक पेट घेतं.

घरून स्वतःची शीट आणणार असाल तर ती ॲक्रिलिकच आहे याची खात्री करून आणा. पीव्हीसी आम्ही लेझरखाली घालत नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो आणि मशीनही गंजतं. गणपतीच्या आधीचे दिवस गर्दीचे असतात, तेव्हाच्या ऑर्डरी आठवडाभर आधी द्या. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला मशीन बंद. त्या दिवशी आम्हीही गच्चीवर असतो.