क्रूस कोरलेला दगड आणि क्रूसच असलेला दगड

परदेशात पुरलेल्या एखाद्या अमेरिकी ज्यू सैनिकाच्या थडग्यावर क्रूस होता, तिथे आता डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचा सहा टोकांचा तारा, आला, अशी बातमी आली की मराठीत हमखास लिहिलं जातं: ‘क्रूस पुसून तारा कोरला’. वाचून दरवेळी चीड येते. तिथे पुसण्यासारखं काही नसतंच.

पुण्यातली खडकीची वॉर सिमेट्री पाहिलेल्यांना कॉमनवेल्थची, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्यातल्या सैनिकांच्या दफनभूमींची, पद्धत ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. सरळ उभे, एका मापाचे दगड. वर पलटणीचं चिन्ह, मग नाव आणि तारीख, त्याखाली धर्मचिन्ह. हुद्दा आणि धर्म कोणताही असो, दगडाची घडण एकच, हे १९१८ सालीच ठरलं. घरच्यांना चिन्ह नको असेल तर ती जागा कोरी राहते. चुकीचं चिन्ह दुरुस्त केलं तरी दगडाचा आकार बदलत नाही.

आता फ्रान्समधल्या नॉर्मंडीतली, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची, कोलव्हिलची अमेरिकी दफनभूमी घ्या. नऊ हजारांहून जास्त थडगी, पांढऱ्या संगमरवरी क्रूसांच्या रांगा, आणि त्यांत साधारण दीडशे तारे. इथे दगडावर क्रूस नाही, दगडच क्रूस आहे. नाव, हुद्दा, पलटण, राज्य आणि मृत्यूची तारीख त्या क्रूसावरच कोरलेली. सगळा घोळ इथेच होतो. या घडणीत कोरी जागा सोडायची सोयच नाही. एक तर क्रूस, नाही तर तारा. ज्याचा धर्म कागदावर नव्हता, त्याच्या वाट्याला क्रूस आला. खडकीत माहिती नसेल तर दगड गप्प राहू शकतो, कोलव्हिलमध्ये तो बोलतोच. मला विचाराल तर कॉमनवेल्थची पद्धत जास्त न्यायाची आहे.

आणि माहिती नसायला कारण होतं. अमेरिकी सैनिकाच्या गळ्यातल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर कोपऱ्यात धर्माचं एक अक्षर ठोकलेलं असे: प्रोटेस्टंटला ‘पी’, कॅथलिकला ‘सी’, ज्यूला ‘एच’, म्हणजे हिब्रू. नाझींच्या हाती सापडलो तर हा ‘एच’ जिवावर बेतेल, म्हणून काही ज्यू सैनिकांनी ‘पी’ घालून घेतला, काहींनी जागा रिकामी ठेवली. काही ठिकाणी धांदलीत नुसती नोंदीची चूक झाली. त्यामुळे ‘अमेरिकेने ज्यूंवर मुद्दाम क्रूस लादले’ हेही लिहू नका.

दुरुस्ती म्हणजे जुना दगड काढून नवा उभा करणं. थडगं उकरत नाहीत, देह हलवत नाहीत. ‘ऑपरेशन बेंजामिन’ ही संस्था हेच काम करते. कोलव्हिलमध्येच पुरलेल्या बेंजामिन गॅरडेट्स्की या सैनिकावरून तिचं नाव पडलं. त्याच्या थडग्यावर २०१८ साली तारा आला. आडनाव ज्यू वाटतं एवढ्यावर दगड बदलत नाहीत, आणि तेच योग्य आहे. तसं आडनाव असलेला माणूस ख्रिस्ती असू शकतो. घराण्याच्या नोंदी तपासतात, जवळच्या नातलगांची संमती घेतात, मग दफनभूमी सांभाळणारा अमेरिकी आयोग मान्यता देतो.

(अमेरिकेतल्याच आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत मात्र खडकीसारखे उभे दगड आणि कोरलेली चिन्हं आहेत. म्हणजे ‘अमेरिकी पद्धत’ असं सरसकट म्हणूनही चालत नाही.)

बातमीत दोनच शब्द पुरतात: ‘दगड बदलला’.