गेल्या जन्माचा दाखला

२०१९ च्या महापुरात कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली. धोक्याची पातळी ४३. शाहूपुरीतल्या माझ्या मावशीला तेव्हा बोटीतून बाहेर काढलं. नंतर ती रंकाळा तलावावर फिरायलाही यायची बंद झाली. कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘पास्ट लाइफ रिग्रेशन’, म्हणजे संमोहनातून मागच्या जन्मात नेणारा उपचार, करून आली. गेल्या जन्मी ती विहिरीत बुडाली होती, असं निघालं. घरी आल्यावर म्हणाली, “गेल्या जन्माचं कशाला पायजे, एकोणीसचा पूर पुरे की!”

पूर्वजन्म आपल्याला नवा नाही. संस्कारांच्या साक्षात्कारातून पूर्वजन्माचं ज्ञान होतं, असं पातंजल योगसूत्र (३.१८) सांगतं. जैन परंपरेतला शब्द जातिस्मरण. अक्षय्य तृतीयेची कथा त्याचीच: पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांना पाहून राजपुत्र श्रेयांसाला मागचा जन्म आठवला, मुनींना आहार कसा द्यायचा ते उमगलं आणि त्यानं उसाचा रस दिला. (उसाच्या मुलखात ही कथा जरा जास्तच गोड लागते.) अशा कथांत आठवणीतून दान घडतं, वैराग्य येतं. पाण्याची भीती घालवणं हा त्यांचा विषयच नाही.

तो विषय संमोहनाच्या वाटेनं आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आल्बेर द रोशा हा लष्करी अधिकारी संमोहित माणसांना जन्माच्याही मागे नेत होता. १९५२ मध्ये अमेरिकेत मोरी बर्नस्टीन या हौशी संमोहनकारासमोर एक गृहिणी एकोणिसाव्या शतकातली आयरिश बाई ‘ब्रायडी मर्फी’ म्हणून बोलू लागली. त्यावरचं त्याचं १९५६ चं पुस्तक धडाक्यात खपलं. आयर्लंडात त्या बाईची नोंद मात्र सापडेना. मग १९८८ मध्ये मायामीचे मनोविकारतज्ज्ञ ब्रायन वाइस यांनी पाण्याची, अंधाराची भीती असलेल्या एका रुग्णाची हकीकत लिहिली, आणि करमणूक होती तिचा उपचार झाला. आपल्याकडे २००९ मध्ये हिंदी वाहिनीवर त्याचा कार्यक्रमच सुरू झाला.

गंमत अशी, की लहान मुलांच्या पूर्वजन्माच्या आठवणी आयुष्यभर तपासणारे इयान स्टीव्हन्सनही संमोहनातून निघणाऱ्या जन्मांवर फारसा विश्वास ठेवत नसत. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांच्या प्रयोगांत तर आधी जे सुचवावं, तसाच जन्म लोकांना ‘आठवत’ गेला.

मानसोपचारात अशा भीतीवर जुना मार्ग आहे: जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेला, भीतीच्या गोष्टीजवळ थोडं थोडं जाण्याचा. मावशीचं सध्या तेच चाललंय. रंकाळ्याच्या कठड्यापर्यंत येते, पायरी अजून उतरत नाही.