एकाच बुरशीची दोन रूपे: पार्श्वभूमी

१९०५ च्या अखेरीस पनामा कालव्याच्या कामावरील अँकॉन रुग्णालयात डॉ. सॅम्युअल डार्लिंग यांनी मार्टिनिकहून आलेल्या एका कामगाराचे शवविच्छेदन केले. फुप्फुसांवरच्या गाठी पाहता क्षयच वाटत होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशींच्या आत बारीक गोल जीव दाटीने भरलेले दिसले. काळा आजाराच्या परजीवीशी त्यांचे साम्य होते, म्हणून डार्लिंग यांनी तो आदिजीव (प्रोटोझोआ, म्हणजे प्राण्यांसारखा एकपेशीय जीव) ठरवला आणि त्याला हिस्टोप्लाझ्मा कॅप्स्युलेटम हे नाव दिले. प्रत्यक्षात ती बुरशी होती.

ही फसगत काही पहिली नव्हती. १८९२ मध्ये ब्युनोस आयर्सला आलेहान्द्रो पोसादास यांना एका सैनिकाच्या त्वचेत असाच गोल जीव दिसला होता. त्याचे कॉक्सिडिऑइडिस हे नावही आदिजीव समजूनच ठेवले गेले. हा जीव प्रयोगशाळेत वाढवायला ठेवला की दर वेळी पांढरी बुरशी उगवे, आणि ती बाहेरून मिसळलेली घाण समजली जाई. ती घाण नसून रोगजंतूच आहे, हे १९०० मध्ये ऑफल्स आणि मॉफिट यांनी दाखवले. (हिस्टोप्लाझ्मा शरीरात यीस्ट, म्हणजे सुट्या एकेका पेशीची बुरशी, होते. कॉक्सिडिऑइडिस यीस्ट होत नाही, बीजाणूंनी भरलेला गोल होते; पण रूप बदलण्याची तऱ्हा त्याच घराण्यातली.)

हिस्टोप्लाझ्माला तेवढी लवकर दाद मिळाली नाही. हा जीव यीस्टसारखा दिसतो, असे हेन्रिक द रोशा लिमा यांनी १९१२ मध्येच म्हटले होते, पण त्याला प्रयोगशाळेत वाढवून पाहिलेले नव्हते. ते काम अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात विल्यम डीमॉनब्रन यांनी १९३४ मध्ये केले. एका बालकाच्या शरीरातून मिळवलेला हा जीव साध्या खोलीच्या तापमानाला कापसासारखा, तंतुमय वाढला, आणि ३७ अंश सेल्सिअसला रक्तयुक्त माध्यमावर यीस्ट झाला. म्हणजे डॉक्टरांना आजवर रुग्णाच्या शरीरातले एकच रूप दिसत होते. दुसरे रूप शरीराबाहेर होते. १९४९ मध्ये चेस्टर एमन्स यांनी ही बुरशी मातीतून वेगळी काढली, तेव्हा संसर्ग कुठून होतो याचाही उलगडा झाला. तंतूंवरचे बीजाणू हवेतून श्वासात जातात आणि शरीराच्या उबेत यीस्ट बनतात. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांना खरा धोका तंतुमय रूपापासून असतो.

तरीही मूळ प्रश्न बाकी होता. रूप बदलते म्हणून रोग होतो, की रोगासोबत रूप नुसते बदलते? या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा मला हाच वाटतो. १९८६ मध्ये मेडॉफ आणि सहकाऱ्यांनी हिस्टोप्लाझ्माचे यीस्टमध्ये होणारे रूपांतर एका रसायनाने कायमचे रोखले. बुरशी जिवंत राहिली, वाढत राहिली, पण उंदरांना आजारी पाडू शकली नाही. २००६ मध्ये ब्रूस क्लाइन यांच्या गटाने डीआरके१ हे प्रथिन या बदलाचे नियंत्रण करते, असे दाखवले. त्याचे जनुक निकामी केले की हिस्टोप्लाझ्मा आणि तशीच रूप बदलणारी ब्लास्टोमायसिस ही बुरशी, दोघांची रोग करण्याची ताकद जाते.

यीस्ट होऊन बुरशीला मिळते काय, हेही हळूहळू उलगडले. हिस्टोप्लाझ्माचे यीस्ट आपल्या पेशीच्या भिंतीवर अल्फा-ग्लुकान या शर्करेच्या साखळीचा थर चढवते. आपल्या रोगप्रतिकारक पेशी भिंतीतल्या ज्या बीटा-ग्लुकान या दुसऱ्या शर्करेवरून बुरशी ओळखतात, ते त्याखाली झाकले जाते. मग ज्या भक्षक पेशीने तिला गिळले, तिच्यातच ती वाढत राहते.

तापमान हा मुख्य इशारा असला, तरी तो एकटा नाही. लॅटिन अमेरिकेतील पॅराकॉक्सिडिऑइडिस या बुरशीमध्ये एस्ट्राडिओल हे स्त्री-संप्रेरक यीस्ट होण्यात अडथळा आणते. प्रौढांमध्ये हा आजार पुरुषांना कितीतरी अधिक होण्याचे ते एक कारण आहे. कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीचा प्रवास तर उलटा: ती शरीरात यीस्ट म्हणून निरुपद्रवीपणे राहते, आणि ऊतींमध्ये घुसताना तंतू काढते.